बागेतील मातीची सच्छिद्रता सीटी स्कॅनने मोजता येईल का?

कादवाकाठ
नमस्कार. निफाड तालुक्यात कादवा नदीच्या खोऱ्यात आमची थॉमसन सीडलेस द्राक्षांची बाग आहे. माती खोल काळी असून खाली चुनखडीचे खडे लागतात. गेल्या काही हंगामांत असे दिसते आहे की, पाऊस उघडल्यावर बोदावरची, म्हणजे वेलींच्या ओळीच्या उंच वरंब्यावरची, माती वापशावर आली, म्हणजे मशागतीजोगी सुकली, तरी दोन ओळींमधल्या ट्रॅक्टरच्या चाकोरीत पाणी तसेच उभे राहते. फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांसाठी ब्लोअर, म्हणजे फवारणीयंत्र, घेऊन ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा त्याच चाकोरीतून फिरतो, आणि माती ओली असली तरी फवारणी पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे चाकोरीखालची माती दबली असावी, असा माझा कयास आहे. परंतु ती किती दबली आणि किती खोलवर दबली, हे मला आकड्यांत हवे आहे.

मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये असे 12 घटक असतात. मातीत पोकळी किती आहे, याबद्दल त्यात एक अक्षरही नसते. मातीचा नमुना नळीत घेऊन त्याचा सीटी स्कॅन करतात आणि त्यावरून सच्छिद्रता काढतात, असे वाचनात आले. नाशिक शहरात स्कॅन सेंटर पुष्कळ आहेत. पीव्हीसीच्या नळीत बोदावरची आणि चाकोरीतली माती घेऊन गेलो, तर मला दोन्ही ठिकाणची टक्केवारी मिळेल का? या विषयाची माहिती असणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे.

मृद्गंध
कादवाकाठ, आपला प्रश्न योग्य आहे. मात्र आपल्याला केवळ एकूण सच्छिद्रतेची टक्केवारी हवी असेल, तर त्यासाठी स्कॅनची आवश्यकता नाही. धातूचे एक कडे, एक ओव्हन आणि एक तराजू पुरेसा आहे. 5 सेंमी आतील व्यासाचे आणि 5 सेंमी उंचीचे कडे घेतले, तर त्यात सुमारे 98 घन सेंमी माती मावते. ती 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवून तोलावी. समजा वजन 127 ग्रॅम भरले, तर स्थूल घनता, म्हणजे पोकळीसह धरलेल्या एक घन सेंमी कोरड्या मातीचे वजन, साधारण 1.29 ग्रॅम येते. खनिज मातीच्या कणांची घनता 2.65 धरण्याचा प्रघात आहे, म्हणून 1.29 ला 2.65 ने भागून येणारा आकडा 1 मधून वजा केला, की सच्छिद्रता 51 टक्क्यांच्या आसपास निघते. तेच कडे चाकोरीत ठोकून वजन 152 ग्रॅम भरले, तर ती 42 टक्क्यांपर्यंत खाली येते. हे आकडे केवळ हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत, आपल्या बागेचे आकडे आपणच काढावेत.

काळ्या मातीबाबत एक दक्षता अनिवार्य आहे. ही माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आक्रसते, त्यामुळे तिची स्थूल घनता ओलाव्याबरोबर बदलत राहते. बोदावरचा नमुना वापशावर घेतला आणि चाकोरीतला आठवड्याने भेगा पडल्यावर घेतला, तर त्या दोन आकड्यांची तुलना करता येणार नाही. दोन्ही नमुने एकाच दिवशी, शक्यतो सारख्या ओलाव्याला घ्यावेत.

किरणतंत्र
मी नाशिकमध्येच सीटी यंत्रावर काम करतो, म्हणून यंत्राच्या बाजूने लिहितो. सीटी प्रतिमेतील प्रत्येक बिंदूला एक आकडा असतो, त्याला हाउन्सफिल्ड एकक म्हणतात. पाणी शून्य आणि हवा उणे 1000 अशी ही मोजपट्टी आहे. माती हाडासारखी उजळ दिसते, पोकळी काळी दिसते. ऐकायला हे सोपे वाटते. पण रुग्णांसाठीच्या यंत्रात प्रतिमेचा सर्वांत लहान घन, म्हणजे व्हॉक्सेल, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याहून बारीक पोकळी स्वतंत्रपणे दिसत नाही, ती आजूबाजूच्या मातीत मिसळून करड्या रंगाची होते. गांडुळाचे बीळ, जुन्या मुळाची वाट, मोठी भेग एवढे स्पष्ट दिसेल.

दुसरी बाब परवानगीची. रुग्णांसाठीची क्ष-किरण यंत्रे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली चालतात. मातीचा नमुना टेबलावर ठेवायचा, तर केंद्राच्या प्रमुख रेडिओलॉजिस्टची संमती आधी घ्यावी लागेल आणि नमुना दोन्ही बाजूंनी पक्का बंद असावा लागेल. गॅन्ट्रीत, म्हणजे यंत्राच्या गोल कड्यात, धूळ गेलेली कोणालाही चालणार नाही. ओळखीच्या तंत्रज्ञाला रात्री गळ घालून हे काम उरकावे, असा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

आनंदवल्ली
मी शेतीत आयुष्य काढले आहे, त्यामुळे स्पष्ट मत मांडतो. चाकोरीत आणि बोदावर फावड्याने हातभर खोल खड्डा घ्यावा आणि मातीचा एक अखंड काप बाहेर काढून हाताने हळूच फोडावा. माती दाणेदार मोकळी होते, की धारदार कडांची सपाट ढेकळे निघतात? पांढरी मुळी ढेकळाच्या आत शिरली आहे, की बाहेरून आडवी पसरली आहे? हे डोळ्यांना दिसत असताना यंत्रावर पैसे कशासाठी घालवायचे, हे मला समजत नाही.

मृद्गंध
आनंदवल्ली, आपण सांगितलेली पद्धत शास्त्रमान्यही आहे. फावड्याने काढलेल्या कापाला घडणीनुसार 1 ते 5 असे गुण देण्याची रीत जगभर वापरली जाते. 1 म्हणजे उत्तम भुसभुशीत, 5 म्हणजे पूर्ण दबलेली. कादवाकाठ यांनी आरंभ तिथूनच करावा, असे माझेही मत आहे.

भूजलमित्र
किरणतंत्र यांच्या एका विधानाला पुरवणी जोडतो, कारण त्यावरून रुग्णालयातील यंत्र मातीसाठी निरुपयोगी आहे असा समज होऊ शकतो. व्हॉक्सेलपेक्षा लहान पोकळी दिसत नाही हे खरे, पण ती मोजणीतून निसटत नाही. करड्या रंगाची छटा हीच त्या व्हॉक्सेलमधील घन पदार्थ आणि पोकळी यांच्या प्रमाणाची नोंद असते. 1982 मध्ये पेट्रोव्हिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीची स्थूल घनता सीटीने मोजून दाखवली, ती याच तत्त्वावर. घनता माहीत असलेले काही नमुने आधी स्कॅन करून छटा आणि घनता यांचा संबंध बसवला, की आपल्या नमुन्यात कोणत्या खोलीवर माती किती दबली आहे, याचा नकाशा मिळतो. कड्याच्या पद्धतीत संपूर्ण 5 सेंमीचा एकच आकडा मिळतो. चाकाखालचा थर नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते त्यात बुजून जाते.

याहून थेट पद्धत खडकांच्या नमुन्यांसाठी वापरतात. तोच नमुना एकदा कोरडा आणि एकदा पाण्याने पूर्ण भरून स्कॅन करायचा आणि दोन प्रतिमांची वजाबाकी करायची. हवेच्या जागी पाणी आले की आकडा 1000 ने वाढतो, म्हणून एखाद्या व्हॉक्सेलचा आकडा 900 वरून 1350 झाला, तर तिथे पोकळीचे प्रमाण 45 टक्के आहे असे थेट म्हणता येते. त्यातली पोकळी कितीही बारीक असो, पाणी पोहोचले की ती मोजली जाते.

मृद्गंध
भूजलमित्र, खडकासाठी आणि फार तर मुरमाड जमिनीसाठी ही वजाबाकी ठीक आहे. निफाडच्या काळ्या मातीत ती टिकणार नाही. बेसाल्टपासून झालेल्या या मातीत स्मेक्टाइट गटातील चिकणखनिजे मोठ्या प्रमाणात असतात आणि पाणी त्यांच्या पापुद्र्यांमध्ये शिरून माती फुगवते. कोरड्या नमुन्यातला एखादा व्हॉक्सेल पाणी भरल्यावर त्याच जागी राहतच नाही. ज्या दोन प्रतिमांची वजाबाकी करायची, त्या दोन वेगवेगळ्या घडणींच्या प्रतिमा असतात.

शिवाय कोरड्या नमुन्यात आणखी एक धोका आहे. नळीत सुकताना काळी माती नळीच्या भिंतीपासून सुटते आणि कडेने फट पडते. संगणकाला ती फट पोकळीच वाटते. चाकोरीतला घट्ट नमुना स्कॅनमध्ये अधिक सच्छिद्र ठरण्याची विपरीत शक्यता त्यातून निर्माण होते. म्हणून काळ्या मातीचा नमुना शेतातल्या ओलाव्यावरच बंद करावा, तसाच स्कॅन करावा आणि विश्लेषणात कडेचा भाग वगळून मधला भागच घ्यावा.

भूजलमित्र
आपला मुद्दा मान्य आहे. फुगणाऱ्या मातीत वजाबाकी चालणार नाही. घनतेच्या नकाशाचा मुद्दा मात्र कायम राहतो. त्यासाठी नमुना एकाच ओलाव्यावर, एकदाच स्कॅन करावा लागतो. पाण्यामुळेही छटा उजळते, म्हणून स्कॅननंतर नमुना वाळवून ओलावा मोजावा आणि तेवढी दुरुस्ती करावी.

दिंडोरीची माती
आमच्याकडे काही भागात जमीन हलकी आणि मुरमाड आहे. तिथे नळी ठोकली की मुरमाचा खडा आडवा येतो आणि भोवतालची माती सैल होते. अशा ठिकाणी नमुना कसा घ्यावा?

सूक्ष्मदर्शी
मी मूळचा सिन्नरचा असून पुण्यात मायक्रो-सीटीवर, म्हणजे लहान नमुने अतिशय बारकाईने दाखवणाऱ्या सीटी यंत्रावर, काम करतो. दिंडोरीची माती यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. खडेरी जमिनीत नळी ठोकू नये. नळीपेक्षा किंचित मोठा मातीचा खांब चाकूने कोरावा, नळी वरून सरकवावी आणि मधली जागा मेणाने भरून घ्यावी. यात वेळ जातो, पण नमुना मोडत नाही.

काळ्या मातीत नळी दाबून घेता येते, तरी हातोड्याचे घाव घालू नयेत. घावांनी नळीतली माती खाली दबते आणि आपण ट्रॅक्टरऐवजी हातोड्याने केलेले दडपण मोजून येतो. नळीची खालची कड बाहेरच्या बाजूने तासून धारदार करावी, आतल्या भिंतीला अगदी हलका तेलाचा हात द्यावा आणि जॅकने किंवा वजन ठेवून नळी सावकाश दाबावी. नळी आत गेल्यावर आतल्या मातीची पातळी आणि बाहेरच्या जमिनीची पातळी मोजावी. आतली पातळी खाली गेली असेल, तर तो नमुना टाकून दुसरा घ्यावा. नळी प्लास्टिकचीच हवी, कारण लोखंड क्ष-किरण अडवते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. मायक्रो-सीटीत डिटेक्टरवर आडवे साधारण 2000 बिंदू धरले, तर 5 सेंमी व्यासाच्या नमुन्यात एक व्हॉक्सेल 25 मायक्रॉनचा होतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पोकळी खात्रीने ओळखायची, तर ती दोन-तीन व्हॉक्सेल रुंद असावी लागते, म्हणजे प्रत्यक्षात 50 ते 75 मायक्रॉनपासून पुढचेच आपल्याला दिसते. अधिक बारीक पाहायचे, तर नमुना लहान करावा लागतो. पण 5 मिलिमीटरच्या ढेकळात चाकोरीचे चित्र उमटत नाही. व्याप्ती आणि बारकावा या दोहोंत एकाची निवड करावीच लागते.

मुळांना पाणी पुरवणाऱ्या पोकळ्या ढोबळमानाने 0.2 ते 30 मायक्रॉन व्यासाच्या असतात. काळ्या मातीतली बरीचशी पोकळी त्या आकाराची किंवा त्याहूनही सूक्ष्म असते. म्हणून एकूण सच्छिद्रता 50 टक्के असलेल्या नमुन्यात स्कॅनने दिसणारी पोकळी त्याच्या लहानशा अंशाइतकीच निघू शकते. हे पाहून अनेकजण स्कॅन चुकला असे समजतात. स्कॅन चुकलेला नसतो, त्याने फक्त मोठ्या पोकळ्या मोजलेल्या असतात. अहवालात 'सच्छिद्रता' असा मोघम शब्द लिहून भागत नाही. 'अमुक मायक्रॉनपेक्षा मोठी दिसणारी सच्छिद्रता' असे लिहावे लागते.

अवनी
मग फक्त मोठ्याच पोकळ्या दिसत असतील, तर स्कॅनचा उपयोग काय राहिला? आनंदवल्ली काकांचे फावडे आणि मृद्गंध सरांचे कडे यांत सगळे आलेच.

सूक्ष्मदर्शी
अवनीताई, कादवाकाठ यांच्या बागेत पाणी उभे राहण्याचे कारण त्या मोठ्या पोकळ्यांतच दडलेले आहे, म्हणून उपयोग राहतो. प्वाझयच्या नियमानुसार नळीतून वाहणारे पाणी त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलते. 1 मिलिमीटर व्यासाची एक सलग पोकळी जेवढे पाणी वाहून नेते, तेवढे नेण्यासाठी 0.1 मिलिमीटरच्या 10,000 पोकळ्या लागतात. चाक फिरले की सर्वप्रथम या मोठ्या पोकळ्याच मिटतात. बारीक पोकळ्या जवळजवळ तशाच राहतात. त्यामुळे एकूण सच्छिद्रता थोडीशीच घटलेली दिसते, पण पाणी मुरण्याचा वेग कितीतरी पटींनी पडतो.

आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत की नाहीत, हे कड्यातून आणि तराजूतून कधीच कळत नाही. पायऱ्या प्रत्येक मजल्यावर असूनही एका मजल्यावरचा जिना बुजवला, तर वरचा माणूस तळाशी पोहोचत नाही. मातीतल्या पाण्याचेही तसेच होते. वरच्या 10 सेंमीत पोकळ्या भरपूर, खालच्या 20 सेंमीतही पुरेशा आणि मध्ये केवळ दोन-तीन सेंमीचा दबलेला थर असेल, तर सरासरी सच्छिद्रता चांगली येते आणि पाणी तरीही वरच उभे राहते. स्कॅनमध्ये तो थर आणि त्याच्या तोंडाशी तुटलेल्या वाटा प्रत्यक्ष दाखवता येतात. माझ्या दृष्टीने मातीसाठी स्कॅन करण्याचे खरे कारण हेच आहे. टक्केवारी कड्याने काढावी आणि जोडणी स्कॅनने पाहावी.

किरणतंत्र
सूक्ष्मदर्शी, काळे म्हणजे पोकळी आणि उजळ म्हणजे माती, अशी रेघ आपण कुठे ओढता? आमच्याकडे खिडकी, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या छटांची मर्यादा, बदलली की एकच फुप्फुस वेगळे दिसते, म्हणून ही शंका आली.

सूक्ष्मदर्शी
अगदी वर्मावर बोट ठेवलेत. संपूर्ण पद्धतीतला सर्वांत नाजूक टप्पा तोच आहे. रेघ थोडी सरकवली की सच्छिद्रतेचा आकडा बदलतो आणि दोन माणसांनी हाताने ओढलेल्या रेघा क्वचितच जुळतात. म्हणून रेघ गणिताने ठरवतात. 1979 मध्ये ओत्सू यांनी मांडलेली रीत अजूनही सर्रास वापरली जाते. करड्या छटांचे दोन गट अशा ठिकाणी विभागायचे की प्रत्येक गटातला आपसातला फरक कमीत कमी राहील. इमेजजे आणि फिजी या मोफत संगणकप्रणालींत ती तयार मिळते. पण प्रत्येक नमुन्यात छटांचे दोन ठळक गट पडतातच असे नाही, तेव्हा डोळ्यांनी पडताळावे लागते. बोदाच्या आणि चाकोरीच्या नमुन्यांना एकच रीत आणि स्कॅनच्या त्याच मांडण्या लावल्या, तर निदान दोघांमधली तुलना विश्वासार्ह राहते.

आपल्या भागातील दोन अडचणी यात भर घालतात. चुनखडीचा खडा क्ष-किरण अधिक शोषतो, त्यामुळे तो अतिशय उजळ दिसतो आणि त्याच्याभोवती काळसर पट्टे उमटतात. ते पट्टे पोकळी म्हणून मोजले जाऊ शकतात. दुसरे असे की, किरण जाड नमुन्यातून जाताना त्यातली कमी ऊर्जेची किरणे आधीच गळतात, म्हणून नमुन्याचा मध्य कडेपेक्षा विनाकारण काळा दिसतो. त्यावर उपाय म्हणून किरणांच्या वाटेत तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा ठेवतात.

आनंदवल्ली
एमआरआयने हे होणार नाही का? त्यात पाणी चांगले दिसते असे ऐकतो.

मृद्गंध
बेसाल्टच्या मातीत लोहयुक्त खनिजे असतात, मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजेही असतात. त्यांच्यामुळे एमआरआयचे चुंबकीय क्षेत्र नमुन्यातच विस्कटते आणि प्रतिमा बिघडते. वाळूच्या नमुन्यांवर ते काम होते, आपल्या मातीसाठी क्ष-किरणच बरे.

अवनी
एक शंका भीतभीतच विचारते. क्ष-किरण मारल्यावर ती माती किरणोत्सारी होते का, आणि त्यातले जिवाणू मरतात का? स्कॅननंतर तीच माती कुंडीत घालता येईल का?

किरणतंत्र
किरणोत्सारी मुळीच होत नाही. यंत्र बंद झाले की किरण संपले, मागे काहीही उरत नाही. अन्यथा आम्ही रोज इतक्या रुग्णांना तपासून घरी कसे पाठवले असते? जिवाणूंबाबत सांगायचे, तर गॅमा किरणांनी माती निर्जंतुक करायला हजारो ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) इतकी मात्रा द्यावी लागते आणि आमच्या एका स्कॅनची मात्रा ग्रेच्या शंभराव्या भागात मोजतात. माती खुशाल कुंडीत घाला.

जाता जाता, ज्यांच्या नावाचे एकक आम्ही रोज वापरतो त्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिला रुग्ण 1971 मध्ये तपासला गेला आणि 1979 मध्ये त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल मिळाले. नॉटिंगहॅम विद्यापीठात मातीतल्या मुळांचे सीटीने निरीक्षण करणारे केंद्र त्यांच्याच नावाने चालते, याचे मला फार अप्रूप वाटते.

दिंडोरीची माती
मुळांचा विषय निघालाच आहे, तर द्राक्षवेलीची मुळे त्या स्कॅनमध्ये वेगळी ओळखता येतात का?

सूक्ष्मदर्शी
जाड मुळे येतात. बारीक पांढऱ्या मुळीची छटा ओल्या सेंद्रिय पदार्थाच्या आणि पाणी भरलेल्या पोकळीच्या छटेजवळ जाते, त्यामुळे तिथे संगणक गोंधळतो आणि माणसाला एकेक काप पाहत मुळीचा माग काढावा लागतो.

कादवाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. मी टक्केवारी मागत होतो, परंतु मला हवी असलेली माहिती दबलेला थर कुठे आहे आणि पाण्याची वाट कुठे तुटली आहे ही आहे, हे या चर्चेतून स्पष्ट झाले. माझा बेत असा आहे. पुढच्या पावसानंतर बोद वापशावर आला की त्याच दिवशी दोन्ही ठिकाणी फावड्याचे काप काढेन, कड्याने स्थूल घनतेचे नमुने घेईन आणि दुहेरी कड्याने, म्हणजे एकात एक ठोकलेल्या दोन कड्यांत पाणी भरून, ते मुरण्याचा वेगही मोजेन. या तिन्हींत फरक ठळक दिसला, तरच पीव्हीसी नळीतले नमुने घेऊन मायक्रो-सीटीसाठी एखाद्या संशोधनसंस्थेकडे विचारणा करेन. रुग्णालयातील यंत्राचा विचार सोडला आहे.

नमुना किती खोलीपर्यंत घ्यावा, हे मात्र ठरत नाही.

मृद्गंध
0 ते 15 आणि 15 ते 30 सेंमी असे दोन थर अवश्य घ्या. फावड्याच्या कापात घट्ट थर नेमका 15 सेंमीच्या आसपास लागला, तर तो दोन नमुन्यांत विभागला जाईल. तसे असेल तर 10 ते 20 सेंमीचा तिसरा नमुना वेगळा घ्यावा. चाकोरीच्या मध्यावरचा एक आणि चाकाच्या कडेचा एक, असे दोन्ही घेतलेत तर दाब आडवा किती पसरला आहे, तेही कळेल. आणि पाणी मुरण्याची मोजणी विहिरीच्या ज्या पाण्याने बाग भिजवता त्याच पाण्याने करा. पाण्यात सोडियम अधिक असेल, तर चिकणमातीचे कण सुटे होऊन पोकळ्यांची तोंडे बुजतात, आणि ते नुकसान ट्रॅक्टरच्या माथी मारले जाऊ नये. त्यासाठी पाण्याची तपासणीही याच वेळी करून घ्यावी.

सूक्ष्मदर्शी
स्कॅनच्या नमुन्यासाठी नळी 30 सेंमीची एकसलग घ्यावी, म्हणजे दबलेला थर मध्येच कापला जाणार नाही; यंत्रावर ती न कापता भागाभागाने स्कॅन करता येते. दोन्ही टोके प्लास्टिकच्या पापुद्र्याने आणि झाकणाने बंद करावीत, वरची बाजू खुणेने दाखवावी आणि नळी फोमच्या गादीत उभी ठेवून आणावी. निफाडहून पुण्यापर्यंतच्या धक्क्यांनी नवी भेग पडली, तर ती शेतातली की रस्त्यावरची, हे प्रतिमेवरून ओळखता येणार नाही. पोहोचेपर्यंत नमुना थंड पेटीत साधारण 4 अंशांवर ठेवावा. उबेत गांडुळे हालचाल करतात आणि नव्या वाटा पाडतात. मात्र तो गोठू देऊ नये, कारण बर्फ होताना पाणी फुगते आणि माती फाटते.